ताण आणि चिंतेसाठी विश्रांतीची आसनं, श्वास आणि ध्यान: नेमकं कसं करायचं, कुठे बिघडतं

संथलय (मूळ धागा)

चिंता वाढली, छातीत धडधडतंय, झोप उडालीये असं म्हटलं की समोरून हमखास सल्ला येतो, "ध्यान कर." कसं करायचं ते सांगायला मात्र कोणी थांबत नाही. मग माणूस मांडी घालून बसतो, डोळे मिटतो, दोन मिनिटांत डोक्यात कल्ला सुरू होतो आणि "आपल्याच्याने हे व्हायचं नाही" म्हणून उठतो.

माझ्या मते इथे बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. खांदे कानाला टेकलेत, जबडा आवळलाय, पोट आत ओढून धरलंय, अशा शरीरात बसून मनाला गप्प करायला जाणं म्हणजे उगाच भांडण उकरून काढणं. आधी शरीराला पूर्ण आधार द्यायचा, मग रेचक, म्हणजे बाहेर सोडायचा श्वास, लांबवायचा आणि ध्यान सगळ्यात शेवटी. धाग्यात याच क्रमाने लिहूया. मी आसनांपासून सुरुवात करतो, श्वास आणि ध्यानाबद्दल जाणकारांनी भर घालावी.

विश्रांतीच्या आसनांचा नियम एकच: कुठेही ओढ जाणवता कामा नये. मांडीत, कमरेत, मानेत जरा जरी ताण आला तरी आधार वाढवा. इथे लवचिकता दाखवायची नसते. लोड, पट्टे, खुर्च्या वापरून आसन करण्याची पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांच्यामुळे जगभर पोचली, आणि विश्रांतीची आसनं उभी आहेत ती याच साधनांवर.

साहित्य: एक लोड (साधारण ६० सेंमी लांब, २५ सेंमी रुंद, १५ सेंमी उंच), तीन-चार जाड ब्लँकेटं, एक खुर्ची. लोड नसेल तर दोन ब्लँकेटं लांबट घडी करून घट्ट गुंडाळा. झोपायच्या मऊ उश्या घेऊ नका. सुरुवातीला छान वाटतं, पाच मिनिटांत त्या दबतात आणि कंबर अधांतरी राहते.

पहिलं आसन, पाय खुर्चीवर ठेवून शवासन. नवीन माणसाने याच्यापासूनच सुरुवात करावी. जमिनीवर उताणं झोपायचं आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतचा अख्खा भाग खुर्चीच्या बैठकीवर ठेवायचा. गुडघ्याची मागची घडी बैठकीच्या कडेला आली पाहिजे. फक्त टाचा टेकवल्या तर मांड्यांचे स्नायू पाय सावरत बसतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. मांड्या साधारण उभ्या हव्यात. खुर्ची उंच पडत असेल तर नितंबांखाली ब्लँकेटची घडी, बुटकी पडत असेल तर बैठकीवर घडी. या स्थितीत कमरेचा बाक जमिनीकडे उतरतो आणि दिवसभर बसून आखडलेले जांघेचे स्नायू सैल पडतात.

डोक्याखाली ३ ते ५ सेंमी जाडीची घडी घ्या. कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर हवं. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. हनुवटी छताकडे गेली की मानेची मागची बाजू दबते, डोळे पापण्यांआड भिरभिरत राहतात आणि माणूस पडून असला तरी जागता पहारा देत असतो. हात शरीरापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे वर. खांदे पुढे झुकलेले असतील तर मनगटांखाली रुमालाची घडी. वेळ १० ते १२ मिनिटं.

दुसरं, लोडवर सुप्त बद्धकोणासन. लोड पाठीच्या कण्याच्या दिशेत उभा ठेवायचा, नितंब जमिनीवर, लोडची कड कमरेच्या खालच्या हाडाजवळ. तळपाय एकमेकांना जोडून गुडघे बाजूला सोडायचे, पण अधांतरी नाही: दोन्ही मांड्यांखाली गुंडाळलेली ब्लँकेटं हवीतच. हा आधार नसेल तर मांडीचे आतले स्नायू गुडघे सांभाळत राहतात. कमरेत चिमटा बसला तर लोड तीन-चार बोटं मागे सरकवा किंवा नितंबांखाली घडी घ्या. तरीही दुखत असेल तर पाय सरळ करून गुडघ्यांखाली गुंडाळी ठेवा. ८ ते १० मिनिटं.

तिसरं, लोडवर बालासन. गुडघे फाकवून, लोड मध्ये घेऊन, पोट-छाती-गाल त्यावर टेकवायचे. अर्ध्या वेळेत मान दुसऱ्या बाजूला वळवायची. ५ मिनिटं पुरे. गुडघा दुखरा असेल तर सरळ सोडून द्या.

चौथं, विपरीत करणी, म्हणजे पाय भिंतीवर. त्यावर प्रश्न येतीलच, तेव्हा बोलू.

एका वेळी दोन आसनं, साधारण २० मिनिटं. चारही उरकण्याचा सोस नको. अंगावर चादर आणि पायात मोजे असू द्या, कारण पडून राहिल्यावर अंग गार पडत जातं, आणि थंडी वाजली की स्नायू पुन्हा आखडतात. जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या. उठताना गुडघे दुमडून कुशीवर वळायचं, मिनिटभर थांबायचं, मग हाताने जमीन ढकलून उठायचं, डोकं सगळ्यात शेवटी. झटकन उठलात तर चक्कर येऊ शकते, आणि मिळालेली विश्रांतीही तिथेच संपते.

बाराखडी

वाचतेय. छान धागा.

ताठकणा

विपरीत करणीबद्दल विचारायचं होतं. नितंब भिंतीला चिकटवले की मांड्यांची मागची बाजू ओढते आणि गुडघे वाकतात. शिवाय दहा मिनिटांनी पायाला मुंग्या येतात. तरी तसंच धरून राहायचं का?

संथलय

अजिबात नाही. नितंब भिंतीला चिकटलेच पाहिजेत असा काही नियम नाही. मांड्यांमागचे स्नायू आखडलेले असतील तर १५ ते ३० सेंमी मागे सरका, पाय तिरके राहू द्या. नितंब जमिनीवरून उचलले जात असतील तर ती खूण समजा: अजून मागे जायला हवं. मांड्यांभोवती पट्टा सैलसर बांधला तर पाय बाजूला पसरत नाहीत आणि त्यांना धरून ठेवण्याचं कामही उरत नाही.

मुंग्या आल्या तर गुडघे दुमडून पावलं भिंतीला टेकवा किंवा तळपाय जोडून पाय खाली घ्या. ५ मिनिटांपासून सुरुवात करा, १० च्या वर जायची घाई नको. कमरेखाली लोड घेऊनही हे आसन करतात, पण ते नंतर. आधी सपाट जमिनीवर.

काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तर विपरीत करणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. छातीत जळजळ किंवा आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी सपाट झोपण्याऐवजी लोडवर पाठ तिरकी ठेवावी. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणं बराच वेळ झोपू नये. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन शवासन होतं आणि ते तितकंच चांगलं.

रेचक

श्वासाबद्दल मी लिहितो.

"खोल श्वास घे" हा चिंताग्रस्त माणसाला दिला जाणारा सगळ्यात चुकीचा सल्ला. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्याला खोल घे म्हटलं की तो छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो. तो उतरला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. माणसाला वाटतं, आता काहीतरी भयंकर होणार. म्हणून तो आणखी जोरात श्वास घेतो, आणि त्रास वाढत जातो.

तेव्हा सूचना अशी द्यावी: श्वास लहान, रेचक लांब, आत-बाहेर दोन्ही नाकानेच.

पाय खुर्चीवर ठेवून झोपा, एक हात बेंबीवर. पहिली दोन मिनिटं काहीच बदलू नका, नुसतं बघा हात कधी वर येतो, कधी खाली जातो. मग ३ आकड्यांत आत, ४ आकड्यांत बाहेर. हे सहज जमलं की ४ आत, ६ बाहेर. एक आकडा म्हणजे एक सेकंद धरला तर एक आवर्तन १० सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला सहा. प्रौढ माणसाचा श्वास एरवी मिनिटाला १२ ते २० असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी सहावर उडी मारू नका. आधी आठ, मग सात, हळूहळू. एकूण वेळ ५ ते १० मिनिटं.

हवा किती घ्यायची? एरवी घेता तेवढीच किंवा किंचित जास्त. श्वासाचा आवाज स्वतःच्या कानाला ऐकू येत असेल तर जास्त होतंय. रेचकाच्या शेवटी पोट पिळून उरलीसुरली हवा बाहेर काढायची नाही. ती पिळली की पुढचा पूरक, म्हणजे आत घ्यायचा श्वास, हपापून येतो.

मिनिटाला सहाच्या आसपासच का? श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना कमी होतात. रेचक चालू असताना व्हेगस मज्जातंतूचा (मेंदूकडून हृदयाकडे येणारी, ठोके मंदावणारी नस) लगाम हृदयावर जास्त असतो. रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची स्वतःची लय साधारण दहा सेकंदांची आहे. श्वास तिच्या जवळ आला की दोन्ही लयी जुळतात आणि ठोक्यांमधला चढउतार सगळ्यात जास्त होतो. नेमका आकडा माणसागणिक थोडा वेगळा, साधारण साडेचार ते साडेसहा. जिथे गुदमरायला होत नाही तो तुमचा आकडा.

चौकटराजा

४-७-८ चं काय? चारात आत, सात धरायचा, आठात बाहेर. ते फार प्रसिद्ध आहे.

रेचक

प्रसिद्ध आहे, आणि काहींना त्याने झोपही लागते. पण चिंतेचा जुना त्रास असलेल्यांना मी ते पहिल्यांदा देणार नाही. श्वास रोखला की हवेची भूक जाणवते, आणि ज्याला गुदमरण्याचीच भीती आहे त्याला नेमकं तेच नकोसं होतं. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नंतर, रेचक अंगवळणी पडल्यावर. नाही केला तरी काही अडत नाही.

एकदम घाबरायला झालं, मोजायचीही सोय नाही, अशा वेळी उपयोगी पडणारी युक्ती: नाकाने एक श्वास, त्यावरच दुसरा छोटासा श्वास, मग तोंडाने लांब उसासा. दोन-तीनदा, बस. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात रोज ५ मिनिटं, महिनाभर ही पद्धत करणाऱ्यांचं मन तेवढाच वेळ श्वासाकडे नुसतं लक्ष ठेवून ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलेलं दिसलं. चिंता मात्र दोन्ही गटांत साधारण सारखीच उतरली होती, हेही नोंदवून ठेवतो.

आणि भ्रामरी. ओठ मिटलेले, वरचे-खालचे दात सुटे, जबडा सैल, खालच्या पट्टीत गुणगुणणं, ५ ते ८ वेळा. कान दाबून बंद करायची गरज नाही, बोटं अलगद टेकवली तरी चालतं. गुणगुणताना नाकातून येणाऱ्या हवेत नायट्रिक ऑक्साइड कितीतरी पट वाढतं असं स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. हा आकडा हल्ली चिंतेवरचा उपाय म्हणून फिरवला जातो, त्यात अर्थ नाही. तो अभ्यास नाक आणि सायनसचा होता. चिंतेसाठी भ्रामरीचा फायदा साधा आहे: आवाज काढायचा तर रेचक आपोआप लांबतो आणि मोजत बसावं लागत नाही.

कोरडाठाक

सगळं ठीक. पण पुरावा काय? "मन शांत होतं" हे कोणीही म्हणेल.

आकडेशास्त्री

रास्त प्रश्न. २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला: ४७ चाचण्या, ३५१५ माणसं. ध्यानाच्या प्रशिक्षणाने चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम ताकदीचा पुरावा असलेली सुधारणा दिसली. फायदा लहान ते मध्यम. औषध, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरलं असं मात्र दिसलं नाही.

दुसरी चाचणी २०२२ ची, 'जामा सायकिअ‍ॅट्री'मधली. चिंतेच्या विकाराचं निदान झालेले २७६ प्रौढ, निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगता-ध्यानाचा अभ्यासक्रम, निम्म्यांना एस्सिटालोप्राम ही चिंतेवरची गोळी. आठ आठवड्यांनंतर ध्यान औषधापेक्षा कमी पडलं नाही.

ही बातमी पसरली ती "ध्यान गोळीइतकंच चांगलं" अशी. पण तो अभ्यासक्रम कसा होता ते बघा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेला हा कार्यक्रम. दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, रोज सुमारे ४५ मिनिटं घरी सराव, मध्ये एक दिवसाचं शिबिर. मोबाइलवर झोपताना ऐकलेल्या दहा मिनिटांच्या ध्वनिफितीला हे लागू होत नाही. शिवाय २७६ पैकी पूर्ण करणारे २०८ होते.

विश्रांतीच्या आसनांवरचे अभ्यास त्या मानाने थोडे आणि लहान. त्यामुळे मी त्यांच्याकडे ध्यानाला बसता यावं म्हणून केलेली तयारी म्हणून बघतो, उपचार म्हणून नाही.

संथलय

शेवटच्या वाक्याशी अर्धा सहमत. तयारी म्हणून तर आहेतच, पण ज्यांना बसून ध्यान सोसतच नाही त्यांच्यासाठी पडून राहणं हाच मुख्य सराव होऊ शकतो. ते पुरेसं नाही असं म्हणायला तेवढाच पुरावा हवा.

आकडेशास्त्री

मान्य. "पुरेसं आहे" म्हणायलाही हवा, इतकंच.

मनकवडी

वरच्या "सोसत नाही" वरून एक महत्त्वाचा मुद्दा. काही जणांना सैल पडायला लागलं की चिंता कमी होण्याऐवजी वाढते. डोळे मिटले की धडधड जाणवते, हातपाय तरंगल्यासारखे वाटतात, आपला ताबा सुटतोय असं वाटून ते खाडकन उठून बसतात. हे नाटक नाही की अपयशही नाही. शिथिलीकरणातून उद्भवणारी चिंता म्हणून १९८३ पासून हे संशोधनात नोंदलेलं आहे. ज्यांना सतत सावध राहण्याची सवय लागलेली असते त्यांना सैल होणं धोक्याचं वाटतं.

अशांनी काय बदलावं: डोळे अर्धे उघडे, नजर दीड-दोन मीटरवर जमिनीवर. पाठ भिंतीला टेकलेली, दार दिसेल अशी बसायची जागा. खोलीत थोडा उजेड. लक्ष श्वासावर किंवा छातीवर न ठेवता तळपायांवर, तळहातांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर. वेळ २ ते ३ मिनिटं, आणि त्रास वाढायच्या आत थांबायचं. सोसत बसलात तर शरीर पुढच्या वेळी आधीच घाबरतं. जुना आघात मनात असेल, अंगावर काटा आणणारी दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, तर हे एकट्याने रेटू नये, मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ सोबत हवेत.

या लोकांना नुसत्या शवासनापेक्षा एडमंड जेकबसन यांची स्नायू आवळून सोडण्याची पद्धत जास्त मानवते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातली, पण अजून वापरात आहे. ती मानवते कारण त्यात काहीतरी करायला मिळतं.

खुर्चीत टेकून बसा. उजवी मूठ आवळा, ५ ते ७ सेकंद. मग एकदम सोडा. हळूहळू नाही, दोरी सोडल्यासारखी. नंतरची ३० ते ४० सेकंद त्या हातात काय जाणवतंय याकडे लक्ष. खरं काम या ३०-४० सेकंदांत होतं, आणि घाईत नेमकी तीच गाळली जातात. मग उजवा दंड, डावी मूठ, डावा दंड, कपाळ, डोळे-नाक, जबडा, मान, खांदे-छाती, पोट, मग दोन्ही मांड्या, पिंढऱ्या, पावलं. प्रत्येक गट दोनदा. पूर्ण फेरीला २५ ते ३० मिनिटं लागतात.

आवळताना पूर्ण ताकद लावू नका, साठ-सत्तर टक्के पुरे. पिंढऱ्या आणि पावलांना त्याहून कमी, नाहीतर गोळा येतो. मान मागे टाकून दाबायची नाही, डोकं उशीवर हलकं रेटायचं. आणि श्वास रोखू नका. आवळताना जवळजवळ सगळेच तो रोखतात.

बाराखडी

दात-जबड्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय. तो इतका महत्त्वाचा का?

मनकवडी

कारण तो कळत नाही. हे वाचतावाचता तपासा: जीभ टाळूला दाबून चिकटली आहे का? दाढा एकमेकींवर टेकल्यात का? बोलत-खात नसताना ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. जिभेचं मूळ खाली सोडलं की बऱ्याचदा पाठोपाठ एक गिळणं किंवा जांभई येते, आणि खांदे आपसूक खाली उतरतात. ध्यानाला बसताना हे एवढं एक केलंत तरी कपाळावरची आठी निम्मी कमी होते.

निवांतपणे

आता ध्यान. आसनं आणि श्वास झाल्यावर लगेच बसायचं, मध्ये फोन बघायचा नाही.

मांडी घालण्याची सक्ती नाही. खुर्चीवर बसा, पावलं सपाट, बैठक गुडघ्यांपेक्षा थोडी उंच. बैठक खाली गेली की कंबर मागे कलते, पाठ कुबडते आणि पाच मिनिटांत दुखायला लागते. मग ते ध्यान कमरेचंच होतं. हात मांडीवर.

पद्धत: प्रत्येक रेचकाला एक आकडा, एक ते दहा, मग पुन्हा एकपासून. श्वास आता मोजून लांबवायचा नाही, तो येईल तसा येऊ द्यायचा. आकडा चुकला, किंवा मोजता मोजता सतरावर पोचलात, तर निमूट एकवर या. मध्ये विचार आला तर मनातल्या मनात एका शब्दात नोंद करा, "काळजी", "बेत", "आठवण", आणि परत. परत येणं हाच व्यायाम आहे. दहा मिनिटांत पन्नास वेळा भरकटलात आणि पन्नास वेळा परत आलात तर पन्नास वेळा सराव झाला.

सुरुवात ५ मिनिटं, रोज. दोन आठवड्यांनी ८, मग १०-१२. रविवारी एकदम तासभर बसून आठवडाभर काही नाही, याचा उपयोग नाही.

बिघडतं कुठे: लोक विचार थांबवायला बघतात. एखादा विचार करायचाच नाही म्हटलं की तोच पुन्हा पुन्हा येतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेगनर यांनी १९८७ मध्ये लोकांना "पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका" असं सांगून केलेल्या प्रयोगात दाखवलं. दुसरं म्हणजे तपासणी, "झालो का शांत? आता झालो का?" दर मिनिटाला मोजमाप घेणं हीसुद्धा चिंताच. तिसरं, चिंतेचा झटका आल्यावरच बसणं. सराव बऱ्या वेळी करायचा, तरच तो वाईट वेळी हाताशी येतो.

ऐन ध्यानात "हे विसरून चालणार नाही" असं काम आठवतं, ते आधीच टाळा. बसण्यापूर्वी दोन मिनिटं कागदावर सगळं उतरवा. काळज्यांचा ढीगच असेल तर दिवसातली ठरलेली १५ ते २० मिनिटं फक्त त्यांच्यासाठी ठेवा, संध्याकाळी पण झोपेच्या अगदी तोंडावर नाही. दिवसा काळजी आली की "तिच्या वेळेला" म्हणून कागदावर टाकायची.

अर्धीनीज

शवासनात पाच मिनिटांत घोरायला लागणाऱ्यांचं काय? त्याला फायदा म्हणायचा की तोटा?

संथलय

रात्री अंथरुणात असाल तर फायदाच, झोपा खुशाल. दुपारी सरावात असाल तर एक जुनी युक्ती: कोपर जमिनीवर टेकवून एक हात मनगटापर्यंत उभा ठेवायचा. डुलकी लागली की हात पडतो आणि जाग येते. योगनिद्रेतही (पडून, सूचना ऐकत एकेका अवयवावर लक्ष फिरवायचं) हे चालतं. पण दिवसा रोजच झोप लागत असेल तर सरावात खोट शोधू नका, रात्रीची झोप अपुरी आहे.

रेचक

+१. आणि कॅफीन. त्याचा निम्मा अंश उतरायला साधारण पाच तास लागतात. दुपारी उशिरा घेतलेलं कॅफीन रात्री दहाला धडधड करवत असेल, तर श्वास मोजून काय होणार.

मनकवडी

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही इथेच असू दे.

जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली आहे, २००६ पासून वापरात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दहा किंवा वर असेल तर तपासून घ्या. ते निदान नव्हे, खूण आहे. थायरॉइड, रक्तक्षय, दम्याची काही औषधं यांनीही धडधड आणि थरथर होते, म्हणून आधी शरीराची तपासणी.

चालू गोळ्या ध्यान सुरू केलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. चिंतेच्या आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या एकदम तोडल्या तर त्रास उलटून येतो, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करायच्या असतात. छातीत दाब, घाम, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरणं, दम लागणं असं झालं तर श्वास मोजत बसायचं नाही, तातडीची वैद्यकीय मदत घ्यायची. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तरीही तसंच, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

चौकटराजा

कामाच्या ठिकाणी जमिनीवर पडता येत नाही. तिथे काय करता येईल?

निवांतपणे

टेबलावर दोन्ही हातांची घडी, त्यावर कपाळ, पावलं सपाट. टेबल बुटकं असेल तर हातांखाली जाड फाइल. बारा-पंधरा रेचक. कपाळाला आधार मिळणं हेच मुख्य. किंवा नुसतं: जीभ खाली, खांदे खाली, सहा लांब रेचक. एका मिनिटाचं काम. बैठकीला जाण्याआधी करा, बैठकीत भांडण पेटल्यावर नाही.

ताठकणा

शेवटचा प्रश्न. सूचना स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्यायच्या असतील तर वेग किती ठेवायचा? वाचताना फार भरभर होतं.

मनकवडी

स्नायू आवळण्याच्या पद्धतीला घड्याळ समोर ठेवूनच मुद्रण करा, अंदाजावर नको. ३५ सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला अवघडून टाकते, म्हणून तो ती दहावर आणतो. योगनिद्रेत अवयव फिरवताना उलट, प्रत्येक अवयवाला ३ ते ५ सेकंद. त्याहून हळू गेलात तर मन मध्ये फिरून येतं. आवाज नेहमीचा ठेवा, मुद्दाम गूढ किंवा कुजबुजता नको. सूचना "सैल करा" अशी आज्ञेची न देता "हाताचं वजन जमिनीवर आहे" अशी द्या. शेवटी २ मिनिटं कोरी सोडा, मग "बोटं हलवा, कुशीवर वळा" एवढंच. फोन विमान स्थितीत, आणि घंटेऐवजी मंद सूर लावा. कंपनावर ठेवलेला फोन लाकडी जमिनीवर घरघरला की अर्ध्या तासाचं सगळं सैलपण एका दचक्यात जातं.

ताठकणा

धन्यवाद. घड्याळ घेऊन बसतो.